'पर्पल रेन'वरून थेट 'म्युझिकॉलॉजी'वर आल्यास तो फिका का वाटतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भलतीकडे वाहवत जाणार नाही. अमेरिकन गायक-वादक प्रिन्सचे '1999' आणि 'पर्पल रेन' हे अल्बम तुम्ही अलीकडेच ऐकले आणि त्यांनी तुम्हाला झपाटून टाकले. मग कोणीतरी सांगितले की 2004 सालचा 'म्युझिकॉलॉजी' म्हणजे त्याचे दणदणीत पुनरागमन होते, म्हणून तुम्ही तो रोजच्या लोकलच्या प्रवासात इअरबड्सवर ऐकला, आणि तो तुम्हाला नीटनेटका, सफाईदार आणि बराचसा बेचव वाटला. त्या काळातल्या श्रोत्यांची मते वाचली, तर निम्मे लोक 'आपला प्रिन्स परत आला' म्हणून हरखलेले आणि उरलेले 'हा आता स्वतःचीच नक्कल करतो आहे' म्हणून हिरमुसलेले. यांत खरे कोण, आणि कमी पडतो तो अल्बम की तुमचे कान, असे तुम्ही विचारले आहे.

मी तीसेक वर्षे बेस गिटार वाजवत आलो आहे. त्यांतली पहिली दहा-बारा वर्षे गणेशोत्सवातल्या आणि कंपन्यांच्या स्नेहसंमेलनांतल्या ऑर्केस्ट्रांमध्ये गेली, आणि पुढची पुण्यातल्या एका लहानशा रेकॉर्डिंग स्टुडिओत, आधी वादक म्हणून आणि मग काचेच्या अलीकडे मिक्सरसमोर बसून. फंक, म्हणजे ठेक्यावर आणि बेसवर उभे असलेले अमेरिकन नाचाचे संगीत, वाजवून आपल्याकडे कोणाची चूल पेटलेली मी पाहिलेली नाही. परंतु बेस वाजवणाऱ्याला फंक टाळताही येत नाही, कारण या संगीतात त्याचे वाद्य कोपऱ्यात उभे राहून साथ करत नाही, सगळी इमारत त्याच्यावरच उभी असते. त्यामुळे प्रिन्स मी चाहता म्हणून जेवढा ऐकला, त्याहून अधिक विद्यार्थी म्हणून ऐकला, आणि माझ्या मतांना ही बाजू असणार हे आधीच सांगून ठेवतो.

तुमच्या प्रश्नातला 'खरे कोण' हा भाग दोन गोष्टींवर अवलंबून आहे: ऐकणारा या अल्बमपर्यंत कोणत्या वाटेने आला, आणि त्याने तो कशावर ऐकला. त्यांतली पहिली गोष्ट जास्त महत्त्वाची आहे.

'पर्पल रेन' 1984 च्या जूनमध्ये आला तेव्हा प्रिन्स नुकताच सव्वीस वर्षांचा झाला होता, आणि अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या अल्बमयादीत तो अल्बम 24 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. तुम्ही त्या शिखरावरून एका संध्याकाळीत वीस वर्षे पुढे उडी मारलीत. आजच्या श्रोत्याला ते सहज शक्य आहे, कारण स्ट्रीमिंगवर एखाद्या कलाकाराचे सगळे अल्बम एकाच ओळीत, जणू एकाच दिवशी तयार झाल्यासारखे मांडलेले असतात. 2004 मधल्या चाहत्याने मात्र ती मधली वर्षे एकेक करून काढली होती. 1993 मध्ये प्रिन्सने आपले नाव टाकून उच्चार न करता येणारे एक चिन्ह धारण केले. त्याचे अल्बम काढणाऱ्या वॉर्नर कंपनीशी असलेल्या झगड्यात तो गालावर 'गुलाम' असा इंग्रजी शब्द लिहून लोकांसमोर येऊ लागला. त्या करारातून सुटल्यावर 1996 मध्ये त्याने 'इमॅन्सिपेशन' हा तीन सीडींचा, प्रत्येकी साठ मिनिटांचा अल्बम काढला. 2000 मध्ये त्याने नाव परत घेतले, पण 2001 चा 'द रेनबो चिल्ड्रन' जॅझकडे झुकलेला आणि त्याच्या नव्या धर्मश्रद्धेने भारलेला होता, तर 2003 च्या 'एन. ई. डब्ल्यू. एस.'मध्ये गाणेच नव्हते, चौदा-चौदा मिनिटांच्या चार वाद्यरचना होत्या. यांतले बरेच काम मला मनापासून आवडते. 'रेनबो चिल्ड्रन'मधले ड्रम्स आणि बेस तर मी आजही नव्या मुलांना मुद्दाम ऐकवतो. परंतु ज्याला प्रिन्सच्या गाण्यावर स्वयंपाकघरात नाचायचे होते, त्याच्यासाठी तो दुष्काळच होता.

मग 2004 चा फेब्रुवारी उजाडला आणि ग्रॅमी सोहळ्याची सुरुवात प्रिन्सने बियॉन्सेबरोबर आपली जुनी गाणी गाऊन केली. मार्चमध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला, आणि त्याच रात्री बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनच्या सन्मानार्थ वाजवल्या गेलेल्या गाण्याच्या शेवटी त्याने जो गिटारचा तुकडा वाजवला, तो पाहून जुन्याजाणत्या वादकांनीही तोंडात बोटे घातली. एप्रिलमध्ये 'म्युझिकॉलॉजी' आला: बारा गाणी, पाऊण तासाच्या थोडा पुढे जाणारा, सरळ गुणगुणता येईल असा. त्या श्रोत्याला जे वाटले त्याला आपल्या भाषेत 'हायसे वाटणे' म्हणतात. तो दरीतून वर येत होता आणि तुम्ही शिखरावरून खाली. दोघे एकाच पायरीवर भेटलात, पण एकाला ती चढण वाटली आणि दुसऱ्याला उतार. हायसे वाटणे ही खरी भावना आहे, मात्र तिच्यावरून अल्बमची प्रत ठरवता येत नाही, आणि हिरमुसण्यावरूनही नाही.

या श्रोत्यांत आणखी एक मोठा गट होता, ज्याचा सहसा कोणी विचार करत नाही. 2004 च्या दौऱ्यात अनेक ठिकाणी सीडीची किंमत तिकिटातच धरलेली होती आणि आत शिरणाऱ्या प्रत्येकाच्या हाती अल्बम दिला जात होता. अल्बम यादीत थेट तिसऱ्या क्रमांकावर आला, त्यात या प्रतीही मोजल्या गेल्या. त्यावरून वाद झाला आणि पुढे बिलबोर्डने अशा प्रती मोजण्याचा नियम बदलला. आकड्यांचा तो वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचे हे, की त्या माणसाने सीडी घरी नेऊन लावली तेव्हा त्याच्या कानांत आधीच दोन तासांची मैफल भरलेली होती. त्या ताफ्यात जॉन ब्लॅकवेल ड्रम्सवर होता, रोंडा स्मिथ बेसवर होती, कँडी डल्फर सॅक्सोफोनवर होती आणि शेजारी मेसिओ पार्कर होता, जो 1964 मध्ये फंक घडवणाऱ्या जेम्स ब्राउन या गायकाच्या ताफ्यात दाखल झाला होता. असा ताफा समोर बसून ऐकलेल्या माणसाला रेकॉर्डिंगमधल्या मोकळ्या जागा मोकळ्या वाटत नाहीत, कारण त्या तो आठवणीने भरून काढतो. तुमच्याजवळ ती आठवण नाही. मी स्वतः ती मैफल पाहिलेली नाही, त्यामुळे या बाबतीत मी तुमच्याच बाजूला उभा आहे.

आता खुद्द अल्बमकडे येऊ. तुमचा 'बेचव' हा शब्द मी बाजूला सारत नाही, कारण त्यामागे एक नेमके निरीक्षण आहे असे मला वाटते, फक्त शब्द चुकला आहे.

जेम्स ब्राउनने फंकला जे दिले ते सांगायला आपल्याकडे तयार शब्द आहे: सम. त्याचे वादक तिला 'द वन' म्हणत, म्हणजे पहिली मात्रा. रॉकमध्ये आणि सोल या भावपूर्ण अमेरिकन गायनशैलीत टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. ब्राउनने आपल्या ताफ्याला सांगितले की पहिलीवर सगळ्यांनी मिळून उतरायचे आणि मधल्या वेळात प्रत्येकाने आपापले तुटक काम करायचे. तीनतालात सम सोळा मात्रांनी भेटते, फंकमध्ये ती दर चार मात्रांनी दारात उभी असते. म्हणून तिच्यावर येण्याची मजा टिकवायची तर मधली जागा राखावी लागते. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एका जाहिरातीच्या जिंगलसाठी मी बेसची भरगच्च ओळ वाजवली होती आणि मनातून खूश होतो. संयोजकाने तीन टेक शांतपणे ऐकले आणि म्हणाला, "छान आहे. आता यातले निम्मे स्वर काढा, आणि सम तेवढी सोडू नका." चौथ्या टेकला काचेपलीकडचा माणूस मान डोलावू लागला.

'म्युझिकॉलॉजी'चे शीर्षकगीत पुन्हा लावा आणि गाणाऱ्याकडे साफ दुर्लक्ष करून फक्त खालचा मजला ऐका. ड्रम्स कोरडे आहेत, त्यांना घुमारा जवळजवळ नाही. गिटार एखाद्या घासणीसारखी दोन-तीन तारांवर तुटक वाजते आहे. आणि बेस समेवर पाय ठेवून लगेच मागे सरकते. मिनिटाला शंभर ठोक्यांची लय धरली, तर ठोक्याचा चौथा भाग 150 मिलिसेकंदांचा होतो, आणि त्यात स्वर दहा-पंधरा मिलिसेकंद मागे ठेवायचा की अगदी रेषेवर, एवढ्यावरच अंग हलणार की नाही ते ठरते. त्या गाण्यात हे काम इतके पक्के झाले आहे की ते काम आहे हेच कळत नाही. अल्बमचा मोठा भाग प्रिन्सने एकट्यानेच वाजवला आहे, म्हणजे तो आधी ड्रमरच्या जागी बसून स्वतःसाठी जागा सोडतो आणि नंतर बेसवर येऊन ती बरोबर अर्धीच भरतो. तुम्ही 'नीटनेटका' म्हणालात ते या अर्थाने खरे आहे.

मग तुम्हाला खटकले ते काय? माझ्या मते खटकला तो धोक्याचा अभाव. 1984 मध्ये 'व्हेन डव्ह्ज क्राय' पूर्ण होत आले तेव्हा त्यात बेस होती, आणि प्रिन्सने ती काढून टाकली. नाचायच्या गाण्यातून बेस काढणे म्हणजे मिसळीतून कट काढण्यासारखे आहे. कोणत्याही शहाण्या निर्मात्याने त्याला वेड्यात काढले असते. आणि तरीही ते गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. दोन वर्षांनी 'किस'मध्ये त्याने हेच पुन्हा केले. त्या काळात तो लिन एलएम-1 हे ड्रम यंत्र वापरत असे, आणि त्यातले खऱ्या ड्रम्सचे आवाज वेड्यावाकड्या सुरांत लावून, गिटारच्या पेडल्समधून काढून असे काही करून ठेवत असे की ते कोणत्या वाद्याचे आहेत हे ओळखू येऊ नये. 2004 च्या प्रिन्सने काहीच काढून टाकलेले नाही. जे त्याला येते आणि जे हमखास लागू पडते, ते त्याने उत्तम वाजवले आहे. शीर्षकगीताचा विषयच जुन्या दिवसांच्या संगीताची आठवण हा आहे, त्यात जेम्स ब्राउन आणि फंकमधलेच दुसरे मोठे नाव स्लाय स्टोन यांना नावानिशी सलाम आहे, आणि गाण्याच्या शेवटी रेडिओची कळ फिरवल्यासारखे त्याच्या स्वतःच्या जुन्या गाण्यांचे तुकडे ऐकू येतात. म्हणजे 'हा मागे वळून पाहतो आहे' ही तक्रार करणाऱ्यांना त्याने पहिल्याच गाण्यात, दारातच उत्तर देऊन ठेवले आहे. मागे पाहणे हा त्याचा हेतू होता. तो तुम्हाला रुचतो की नाही, हा वेगळा प्रश्न.

इथे मला माझ्या खोलीत घडलेला एक प्रसंग सांगितला पाहिजे, कारण त्यानंतर ज्येष्ठ कलाकारांच्या नव्या कामाकडे पाहण्याची माझी रीत बदलली. साठीच्या पुढचे एक भावगीतगायक आपले तिशीतले गाजलेले गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित करायला आले होते. मूळ गाणे काळी दोनमध्ये होते. त्यांनी काळी एक घेतली, म्हणजे एक पूर्ण स्वर खाली. बरोबर आलेल्या नातेवाइकांचे चेहरे पहिल्या ओळीलाच उतरले, आणि चहाच्या वेळी त्यांच्यातला एक जण मला बाजूला घेऊन म्हणाला, की यंत्राने पट्टी वर नेता येते ना, तशी नेऊन टाका. मी नेऊन दाखवली. वरच्या पट्टीत आवाज पोरकट आणि पातळ झाला, आणि अंतऱ्यातली जी एक जागा ते आता पूर्वीपेक्षा कितीतरी संथ, दमदार घेत होते, ती नाहीशी झाली. नातेवाईक गप्प झाले, पण त्यांना खालची पट्टी आवडली असे मात्र म्हणता येणार नाही. त्यांना गाणे नको होते, स्वतःची तिशी परत हवी होती. प्रिन्स 2004 मध्ये पंचेचाळीस वर्षांचा होता आणि त्याचा वरच्या सप्तकातला आवाज अजून शाबूत होता, त्यामुळे पट्टीची अडचण त्याला नव्हती. परंतु त्याच्या जुन्या श्रोत्यांची अडचण हीच होती. ज्याने 'पर्पल रेन' सोळाव्या वर्षी ऐकला, त्याची तुलना 'म्युझिकॉलॉजी'शी कधीच नसते. ती स्वतःच्या सोळाव्या वर्षाशी असते, आणि त्या शर्यतीत कोणताही अल्बम जिंकत नाही. तुम्हाला या अल्बमांबाबत ही अडचण नाही, म्हणून तुमच्या नाराजीला मी त्यांच्या नाराजीपेक्षा थोडे अधिक वजन देतो.

इथवरचे एका वाक्यात सांगायचे, तर हरखलेले लोक त्याच्या हाताबद्दल बरोबर होते आणि हिरमुसलेले लोक त्याच्या धाडसाबद्दल. दोघांचे भांडण दोन वेगळ्या गोष्टींवर चालले होते.

राहिला तुमच्या कानांचा प्रश्न, आणि तो मी थोडक्यात संपवतो, कारण त्यात दोष कानांचा नाही, लोकलचा आहे. बेस गिटारची सर्वांत खालची तार सुमारे 41 हर्ट्झवर बोलते. मोबाइलच्या स्पीकरमधून ती प्रत्यक्षात येतच नाही. वरच्या स्वरांशांवरून मेंदू तिचा अंदाज बांधतो. इअरबड्समधून ती येते, पण गाडीचा खडखडाट आणि घरघर नेमकी त्याच खालच्या भागात असल्यामुळे ती झाकली जाते. 'व्हेन डव्ह्ज क्राय'मध्ये बेसच नसल्याने लोकलमध्ये त्याचे काही बिघडत नाही, आणि यंत्रांचे टणक आवाज गोंगाट फोडून वर येतात. 'म्युझिकॉलॉजी'चा प्राण मात्र खालच्या मजल्यावर आणि दोन ठोक्यांमधल्या शांततेत आहे, आणि या दोन्ही गोष्टी अंधेरी आणि दादर यांच्या दरम्यान मिळत नाहीत. कान झाकणारे बरे हेडफोन किंवा घरातले साधे दोन स्पीकर पुरेत. आवाज फार मोठा नको.

मी स्वतः कोणताही नवा अल्बम तीनदा ऐकल्याशिवाय मत देत नाही. पहिल्यांदा घरकाम करताना ऐकतो, म्हणजे कोणत्या गाण्याला हात आपोआप थांबतो ते कळते. दुसऱ्यांदा फक्त एका वाद्याच्या मागे जातो. तिसऱ्यांदा, आठवडा मध्ये जाऊ देऊन, ओळीने सगळे ऐकतो. हा नियम ज्येष्ठ कलाकारांच्या बाबतीत अधिक कामाचा ठरतो, कारण पहिल्या वेळी आपण नवे गाणे ऐकतच नसतो, जुन्याशी ताडून पाहत असतो. वारंवार गाठ पडलेली गोष्ट माणसाला हळूहळू आवडू लागते, हे मानसशास्त्रात 1968 मध्ये झायोन्स यांनी प्रयोगांनी दाखवले आहे, तेव्हा तिसऱ्यांदा आवडले म्हणजे ते थोर असे समजू नका. पण पहिल्यांदा आवडले नाही म्हणून ते टाकाऊ, असेही समजू नका.

माझे स्वतःचे मत विचारलेत तर शीर्षकगीत मी त्याच्या कोणत्याही काळातल्या फंकच्या शेजारी ठेवेन. 'कॉल माय नेम' हे जुन्या सोलच्या घडणीचे संथ गाणे त्याच्या आवाजासाठी ऐकावे. 2005 मध्ये या दोन्ही गाण्यांना गायनाचे ग्रॅमी मिळाले आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. 'डिअर मिस्टर मॅन' हे राज्यकर्त्याला लिहिलेले पत्र आहे, आणि त्यातला राग ज्या संथ ठेक्यावर बसवला आहे त्यामुळे तो अधिक लागतो. 'द मॅरिइंग काइंड' आणि त्याला जोडूनच सुरू होणारे पुढचे गाणे सलग ऐका, मधे थांबवू नका. 'लाइफ ओ द पार्टी' मात्र मला आजही भरतीचे वाटते. त्यात जल्लोष पुष्कळ आहे पण मेजवानी कुठे दिसत नाही.

आणि धोका पत्करणारा उत्तरकाळातला प्रिन्सच हवा असेल, तर 'म्युझिकॉलॉजी'वर अडकून राहू नका. 30 सप्टेंबर 2014 रोजी त्याने दोन अल्बम एकाच दिवशी काढले आणि तेही ज्या वॉर्नर कंपनीशी तो भांडला होता तिच्याशी समेट करून. 'प्लेक्ट्रमइलेक्ट्रम' हा थर्डआयगर्ल या तीन वादक स्त्रियांच्या ताफ्याबरोबरचा रॉकचा अल्बम आहे, आणि तो मला ठीक वाटतो. दुसरा, 'आर्ट ऑफिशियल एज', ओबडधोबड आहे, त्यात फसलेल्या जागा आहेत, मधेमधे एका बाईचा आवाज येऊन श्रोत्याशी बोलतो. परंतु त्यातले 'वे बॅक होम' मी रात्री स्टुडिओ बंद करण्यापूर्वी पहिल्यांदा ऐकले, आणि दिवे मालवायला उठलेला तसाच उभा राहिलो. तुम्ही त्याच्यापासून सुरुवात करा आणि मग 'म्युझिकॉलॉजी'कडे परत या, या वेळी लोकलमध्ये नको.